मदत हवी आहे: ऊतीत मोजलेला कार्बन-१४ अजून क जीवनसत्त्वातच आहे, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

गिनीपिगच्या यकृतात क जीवनसत्त्व किती वेगाने खर्च होतं, हे पाहते आहे. उंदीर ते स्वतःच बनवतो, त्यामुळे दिलेला ट्रेसर (माग काढण्यासाठीचा किरणोत्सारी रेणू) नव्या साठ्यात विरळ होत जातो. गिनीपिगला ते आपल्यासारखंच अन्नातून घ्यावं लागतं, म्हणून हा प्राणी. परवानग्या सगळ्या आहेत.

पहिल्या कार्बनच्या जागी किरणोत्सारी कार्बन-१४ असलेलं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्वच, वापरते. किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरला फक्त कार्बन-१४ दिसतो, तो कोणत्या रेणूत बसलाय ते दिसत नाही. ॲस्कॉर्बेटचं (शरीरातलं त्याचं रूप) ऑक्सिडीकरण झालं की डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. पेशीतलं ग्लुटाथायोन त्याला परत मूळ रूपात आणू शकतं. तेवढ्यात वलय उघडलं तर डायकीटोगुलोनिक ॲसिड, आणि तिथून परत फिरणं नाही. तिन्हींत कार्बन-१४ तसाच! पुढे तो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तो अल्कलीत पकडते, तिथे अडचण नाही.

यकृत काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकते, गोठलेलंच कुटते, मग थंड मेटाफॉस्फोरिक ॲसिड आणि ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) घालते, नंतर एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करण्याची पद्धत) करून प्रत्येक भाग वेगळा मोजते. आलेखात डीहायड्रो रूपाचं शिखर दरवेळी दिसतं. ते जिवंत ऊतीत होतं की माझ्या टेबलावर तयार झालं?

माझा संशय रक्तावर आहे. आम्ल पडलं की ऑक्सिहीमोग्लोबिन ॲस्कॉर्बेटचं ऑक्सिडीकरण करतं. सलाइनने यकृत धुऊन काढावं, तर त्यात वेळ जातो आणि शरीराच्या तापमानाला डीहायड्रो रूप काही मिनिटांतच मोडायला लागतं. तुम्ही धुता की तसंच गोठवता?

एक उपाय सुचलाय: ट्रेसर न दिलेल्या प्राण्याच्या गोठलेल्या ऊतीत, आम्ल घालतानाच कार्बन-१४चं ॲस्कॉर्बेट मिसळायचं आणि शेवटपर्यंत तीच कृती करायची. त्यात जे डीहायड्रो दिसेल ते कृतीतलं. पण बाहेरून घातलेला रेणू पेशीतल्या रेणूसारखाच वागेल का? डीटीटी या रसायनाने क्षपण करून (डीहायड्रो रूप परत ॲस्कॉर्बेट करून) फरक मोजतेच, पण त्यातून शिखराचा उगम कळत नाही.

आणखी एक छोटी शंका. उरलेला गाळ अल्कलीत विरघळवून हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग घालवला की रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या प्रकाशामुळे काउंट फुगतात. कुपी अंधारात किती वेळ ठेवता? आधी आम्लाने उदासीन करून घेता का?

ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या गटाचे प्राणी हाताळण्याआधी धुण्याचा प्रश्न तरी सुटायला हवा.