घरचा आइस टी: तुम्ही कसा करता?

उन्हाळ्यात चहाची तलफ काही कमी होत नाही, पण वाफाळता कप समोर आला की नको वाटतं. त्यावर आइस टी हा उतारा. कृती म्हणाल तर चहा करा आणि गार करा, संपलं. तरी कुणाचा गढूळ होतो, कुणाचा तोंड आवळून टाकणारा, आणि बर्फ विरघळला की बऱ्याच जणांचा नुसतं रंगीत पाणी. तुमच्याकडे काय जमलंय ते लिहा. 'अंदाजे' आणि 'चवीनुसार' टाळून मापं दिलीत तर उपकार होतील.

माझ्यापासून सुरुवात करतो. एक लिटर हवा असेल तर मी अर्धा लिटरच पाणी उकळतो. गॅस बंद करून त्यात पूर्ण लिटरची पत्ती, म्हणजे दहा-बारा ग्रॅम, टाकून चार मिनिटं झाकून ठेवतो. मग गाळून थेट अर्धा किलो बर्फावर. चहा कडक हवा तर पत्ती वाढवायची, वेळ नाही. जास्त वेळ मुरला की तुरटपणा उतरतो, आणि इथे तो झाकायला दूध नसतं.

*

अर्धा लिटरला अर्धा किलो हे माप चांगलंच बसतं. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ८० अंशांचं एक ग्रॅम पाणी शून्यावर येताना जवळपास तेवढीच उष्णता सोडतं. म्हणजे गाळलेला चहा ऐंशीच्या आसपास असेल तर सारख्या वजनाचा बर्फ पुरता विरघळतो आणि हाती गारेगार चहा राहतो. पातेल्याची उष्णता, फ्रीजरमधल्या बर्फाचं उणे तापमान यांनी थोडा इकडेतिकडे फरक पडेल, इतकंच. मात्र हा बर्फ चहा गार करण्यातच खर्ची पडतो, ग्लासात घालायचा वेगळा धरा.

आणि हे सगळं जाड काचेच्या जगमध्ये करू नका. एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला कढत चहा असं झालं की साधी काच तडकते. स्टीलच्या पातेल्यात करून मग ओता.

*

गढूळपणाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! माझं तर सगळं संशोधन त्यावरच चाललेलं असतं. गरम असताना पारदर्शक असलेला कोरा चहा फ्रीजमध्ये ठेवला की मातकट दिसतो. तो खराब झालेला नसतो. काळ्या चहाला रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं आणि त्यातलं कॅफीन गार होताना एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण तरंगू लागतात. चहा जितका दाट, तितकं हे जास्त. पाणी जड असेल तर आणखी भर. अशा चहात थोडं उकळतं पाणी ओतून ढवळलं की तो परत निवळतो.

पत्तीनेही खूप फरक पडतो. रोजची दाणेदार चहापूड झपाट्याने उतरते आणि पटकन गढुळते. लांब पानाचा चहा बरा. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला चहा गार झाल्यावरही स्वच्छ राहतो असं त्याचं नाव आहे, आणि माझ्या घरी तरी ते खरं ठरलंय. फक्त चहाच्या पिशव्या (टी बॅग) वापरत असाल तर काढताना पिळू नका, सगळा कडवटपणा त्या शेवटच्या थेंबांत असतो.

*

एवढी यातायात कशाला? रात्री जेवणं आटोपली की मी एक लिटर थंड पाण्यात दहा ग्रॅम पत्ती टाकते, झाकण लावते, फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी गाळते. गॅस नाही, बर्फ नाही, गढूळपणा जवळजवळ नाही. थंड पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफीन दोन्ही कमी उतरतात, म्हणून चव गोडसर आणि गुळगुळीत लागते. ग्रीन टी असा केला तर सहा तासही पुरतात. गरम पाण्यातला ग्रीन टी ज्यांना औषधासारखा लागतो त्यांना हा द्या, मत बदलेल.

*

थंड पाण्यातला चहा मला फिका वाटतो. सुवासिक असतो, मान्य. पण चहा प्यायल्यासारखं वाटत नाही. ज्याला चहाचा दणका हवा त्याने उकळत्या पाण्याला पर्याय शोधू नये.

*

साखरेचं सांगते. गार चहात साखर घालून ढवळत बसणारी माणसं पाहिली की मला हसू येतं. थंड पाण्यात साखर विरघळते, पण इतकी सावकाश की ग्लास संपतो आणि तळाशी थर उरतो. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, गार करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये. गरम असतानाच त्यात पुदिन्याची पानं किंवा आल्याच्या चकत्या टाकून ठेवल्या तर पाकालाच वास लागतो, मग प्रत्येकाने आपापल्या ग्लासात हवा तेवढा घालावा. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, त्यामुळे जिभेवर भरवसा ठेवून गरम चहातच साखर घालणार असाल तर किंचित वाढवून घाला.

*

बरणी उन्हात ठेवून चहा करणाऱ्यांसाठी एक सूचना, कृपया मनावर घ्या. उन्हात पाणी कोमट होतं, जंतू मरतील इतकं तापत नाही. उलट तासन्‌तास कोमट राहिलेलं पाणी त्यांच्या पथ्यावरच पडतं. चहा चिकट झाला किंवा त्याला तार सुटू लागली तर चव घेऊन बघायच्या भानगडीत न पडता ओतून द्या. एकतर उकळत्या पाण्याने करा, नाहीतर फ्रीजमध्ये. केलेला चहाही बाहेर ठेवू नये, आणि फ्रीजमध्ये ठेवलेला एक-दोन दिवसांत संपवावा. घट्ट झाकण हवंच. चहा शेजारच्या डब्यातला वास हमखास उचलतो.

*

लिंबू पिळलं की रंग फिका पडतो तो चहा पातळ झाल्यामुळे नाही, आंबटपणामुळे. चहातली रंगद्रव्यं आम्लात उजळतात. उलट चिमूटभर खायचा सोडा घातला की रंग गडद होतो आणि तुरटपणा बोथट होतो. काही जण तो मुद्दाम घालतात. मला पटत नाही, चिमूट जरा मोठी झाली की साबणासारखी चव येते. पत्ती नीट मोजली तर सोड्याची गरजच पडू नये.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी: १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात उकाड्यामुळे गरम चहा कुणी घेईना, म्हणून विक्रेत्याने त्यात बर्फ टाकला आणि आइस टीचा शोध लागला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे, पण बर्फाच्या चहाची कृती तिथल्याच एका पाककृतींच्या पुस्तकात १८७९ मध्ये छापलेली आहे. प्रदर्शनाने त्याला प्रसिद्धी दिली, एवढं श्रेय देऊया.

*

आमच्याकडे मुलंही ग्लास पुढे करतात, म्हणून मी लाल अंबाडीच्या (बाजारात 'हिबिस्कस' म्हणतात त्या) वाळलेल्या बोंडांचा करते. त्यात चहाची पत्ती नसते, त्यामुळे कॅफीनही नाही. बोंडं मुळातच आंबट, लिंबू लागत नाही. रंग असा की मुलं विचारतात तरी नाहीत की यात चहा आहे का.

मोठ्यांसाठी एक: ज्यांचं लोह कमी आहे त्यांनी जेवताना आइस टी घेऊ नये. जेवणातलं लोह अंगी लागायला चहा आड येतो, गार असला तरी. तासाभराचं अंतर ठेवा.

*

उरलेल्या चहाचं काय करता? मी बर्फाच्या साच्यात ओतून गोठवतो. पुढच्या वेळी साध्या बर्फाऐवजी हेच खडे ग्लासात, मग कितीही रेंगाळत प्या, पातळ होत नाही. साखर घातलेला चहा मात्र गोठवू नका, खडे मऊ राहतात आणि साच्यातून धड निघत नाहीत. आणि कुणी पीचचा चहा घरच्या फळापासून करत असेल तर लिहा, माझा गर गाळणीतून उतरतच नाही.

*

गर गाळूच नका. फोडी थोड्या साखरेत तासभर मुरवा, सुटलेला रस चहात घाला आणि फोडी ग्लासात चमच्याने खा.