स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाचे काम टिकत नाही, काय करावे?

यावलची ताई : माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. औषधे नियमित असल्याने दोन वर्षे त्याची प्रकृती स्थिर आहे. जळगावच्या एका दालमिलमध्ये तो दोनदा कामाला लागला आणि दोन्ही वेळा महिनाभरात घरी परतला, कारण रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी सातच्या पाळीपर्यंत उतरत नाही. नातेवाईक म्हणतात, आधी पूर्ण बरा होऊ द्या. घरी बसून तो मात्र खचत चालला आहे. थांबावे का? आणि मालकाला आजाराचे सांगावे का?

समाजसेविका, धुळे : ताई, थांबू नका. 1990 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी बसवलेल्या पद्धतीचा क्रम नेमका उलटा आहे : ज्याला काम करायचे आहे त्याला त्याच्या आवडीचे खरे, पगारी काम आधी मिळवून द्यायचे, आणि शिकवणे व सोबत त्यानंतर, गरज असेल तोवर, चालू ठेवायची. आधी वर्षानुवर्षे तयारी करून घेण्यापेक्षा या क्रमाने अधिक जण कामाला लागतात, असे अनेक देशांत दिसले आहे. गुंगीचे म्हणाल तर डॉक्टरांना पाळीची वेळ सांगा. गोळीची वेळ किंवा मात्रा ते बदलू शकतात, आपण घरी गोळी बंद करू नये. आपल्याकडचा मे महिनाही ध्यानात ठेवा. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी ऊन सोसत नाही, आणि लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू असताना अंगातले पाणी कमी झाले तर त्याचे रक्तातले प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते.

माजी मुकादम, जळगाव : माझ्या हाताखाली असा एक मुलगा पोती शिवायला होता. तीन कामे एकदम सांगितली की तो जागीच थबकायचा, सुतळी हातात तशीच राहायची. मग मी एक काम झाल्यावरच दुसरे सांगू लागलो आणि पोत्यांचा आकडा पाटीवर खडूने लिहून ठेवू लागलो. तो चार वर्षे टिकला. त्याच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी विश्वासाने सांगितले नसते, तर आळशी समजून मी त्याला काढले असते. तरीही ताई, भाऊ स्वतः तयार असेल तरच सांगा.

वाचक, नंदुरबार : दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढून ठेवावे. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान 4 टक्के जागा राखीव आहेत आणि त्यांतील 1 टक्क्यात मानसिक आजारही येतो. त्यासाठी दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावे लागते.

यावलची ताई : तुमची उत्तरे भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, मिल नको, केळीच्या पॅकिंगमध्ये खोकी मोजायचे काम चालेल, पण दहानंतर. बुधवारी डॉक्टरांची वेळ आहे. पाळीचा आणि उन्हाचा प्रश्न त्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून घेतला आहे.