उडत्या गाडीचा प्रोटोटाइप ठाण्यात व्हावा का?

वागळेचा_टर्नर
शेजारच्या गाळ्यात इंजिनिअरिंगची तीन पोरं उडत्या गाडीचा प्रोटोटाइप जोडतायत. मोटारींचे माउंट माझ्या लेथवर करून नेले. त्यांना उधारीवर काम द्यायचं का, यावरून गाळेवाल्यांत जुंपलीय. माझं म्हणणं, द्यावं. वागळे, रबाळे, महापे हे कारखान्यांचे पट्टे धरले तर टर्निंगपासून फायबरच्या साच्यापर्यंत सगळं हाकेच्या अंतरावर आहे. कांदिवलीत कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. स्लोव्हाकियातल्या क्लाइन यांची एअरकार जून २०२१ मध्ये नित्राहून ३५ मिनिटांत ब्रातिस्लाव्हाला उतरली आणि पंख मिटून शहरात शिरली. आपण नुसते सुटे भागच बनवत राहायचं का?

घोडबंदरकर
दादा, एअरकारला धावपट्टी लागते. ती कासारवडवलीत आणायची कुठून? आणि जागच्या जागी वर उठणाऱ्या गाड्यांचं काय झालं तेही सांगा. लिलियम आणि व्होलोकॉप्टर, दोन्ही जर्मन कंपन्या. अफाट पैसा ओतूनही २०२४ च्या अखेरीस दोघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. इथे गायमुखच्या चढावर अँब्युलन्स अडकते, आत पेशंट असतो. दोन माणसं हवेतून गेल्याने त्याला वाट मिळणार नाही. हुशार पोरांनी सिग्नलवर, बसवर डोकं लावावं.

ऐरोलीचा_विमान_मेकॅनिक
वाहतूक सुटेल म्हणून हे करू नका, इथवर घोडबंदरकरांशी सहमत. पुढे नाही.

आधी हिशेब बघा. माणसासकट ६०० किलो वजन आणि सगळ्या पंख्यांचं मिळून १० चौरस मीटर क्षेत्र धरलं, तर नुसतं अधांतरी राहायला कागदावर ९० किलोवॉट लागतात, प्रत्यक्षात १३० च्या आसपास. म्हणजे दहा मिनिटांना साधारण २२ युनिट. तेवढी बॅटरीच सव्वाशे किलोच्या घरात जाते, राखीव वेगळी. पंखे मोठे केले की वीज वाचते, पण मग गाडी रस्त्यावर मावत नाही. सगळं घोडं इथेच अडतं आणि शिकायचंही इथेच असतं.

म्हणून पोरांना सांगा, आधी एकच हात बांधा. एक मोटर, एक पंखा, खाली लोडसेल, म्हणजे जोर मोजणारा काटा. तासभर पूर्ण जोरात चालवा, मग प्रत्येक बोल्ट तपासा. कंपनाने नट कसा सुटत येतो ते तिथे दिसतं. लॉकवायर, म्हणजे नट फिरू नये म्हणून बांधायची तार, उलटी ओढली तर ती नट घट्ट धरायच्या ऐवजी सैल करते. हे हाताला कळलेला फिटर उद्या कुठल्याही विमान कंपनीत उभा राहील.

नेरुळची_आई
काका, तुमचं पटतं, पण माझा मुलगा अशाच एका गटात आहे म्हणून विचारते. मोठी बॅटरी चार्जिंगला लावून पोरं गाळ्यातच झोपतात. लिथियमची आग एकदा विझली तरी पुन्हा पेटते. बाजूला थिनरचे डबे असतात. याची जबाबदारी कोणाची? पंख्याभोवती जाळी आणि चार्जिंगला वेगळी खोली असल्याशिवाय उधारी सोडा, गाळाही देऊ नये.

घोडबंदरकर
ताई बरोबर बोलल्या. शिवाय एकीकडे मुंबईचा विमानतळ, दुसरीकडे नवी मुंबईचा, मध्ये हायटेन्शनचे टॉवर. माणूस आत बसला की ड्रोनचे नियम लागू होत नाहीत, डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची, परवानगी लागते. ती न घेता एखाद्याने उत्साहात खाडीकाठी उडवलंच तर? मेकॅनिककाका म्हणतात तसा एक हात बांधायला माझी हरकत नाही. पण मग त्याला उडती गाडी म्हणून पैसे गोळा करू नका. सोसायटीत वर्गणी मागायला आले होते, मी दिली नाही आणि देणारही नाही.

वागळेचा_टर्नर
वर्गणीचं मला माहीत नव्हतं, आजच विचारतो. पण नाव लपवून काम करायला लावणं मला मान्य नाही. गाडी उडवायचीच आहे म्हणून पोरं रात्र रात्र जागतात, नुसत्या टेस्ट स्टँडसाठी कोण जागेल? जाळीचा अँगल आणि स्टँडची फ्रेम माझ्याकडून, मजुरी नको. चार्जिंग मात्र पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर. नेरुळच्या ताई, शनिवारी या आणि बघून जा. मेकॅनिककाका, लोडसेल किती किलोचा घ्यायचा ते लिहा.