एकरकमी पैशावर निवारा चालत नाही

एक तक्रार नेहमी ऐकू येते, की अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने बेघरांसाठी एवढा पैसा ओतला, तरी शहरं हातावर हात धरून बसलीत. अर्धं मान्य. 2024च्या राज्य लेखापरीक्षणानुसार 5 वर्षांत सुमारे 2,400 कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यातून काय साधलं याचा धड माग ठेवला गेला नाही. हे अक्षम्यच आहे.

पण पैसा कसा येतो तेही बघा. शहरांना आणि काउंटींना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) यासाठी राज्याकडून मिळणारं मुख्य अनुदान 2019पासून जवळजवळ दरवर्षी नव्याने, एकरकमी मंजूर होतंय. निवारा मात्र रोज चालवावा लागतो: रात्रपाळीचे कर्मचारी, समुपदेशक, जेवण, भाडं. पुढच्या वर्षीची खात्री नसताना कुठली नगरपालिका कायमची माणसं नेमेल? राज्याच्या 2025-26च्या अर्थसंकल्पात तर या अनुदानाला नवा पैसाच नव्हता, त्याच्या पुढच्या वर्षी 50 कोटी डॉलरचं आश्वासन तेवढं होतं.

शहरांनी स्वतःचा कर वाढवायचा म्हटलं तर 1978च्या प्रपोझिशन 13ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने, मालमत्ता कर मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधून टाकलाय.

मग रोखे काढून, म्हणजे कर्ज उभारून, भागेल का? हवामानासाठी मतदारांनी 2024मध्ये 1,000 कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, ते मला मनापासून आवडलं. पण रोख्यांचा पैसा मुख्यतः बांधकामासाठी असतो, पगारांसाठी नाही, आणि शेवटी तो राज्याच्याच तिजोरीतून व्याजासह फेडायचा असतो. म्हणून माझं म्हणणं: बेघरांसाठी दरवर्षीची ठरलेली तरतूद करा आणि तिला हिशेबाची सक्त अट घाला, दोन्ही एकाच कायद्यात.