कोल्हापूरकडच्या स्त्रिया ‘मी आलो’ का म्हणतात?

पंचगंगाकाठची:
माझे माहेर करवीर तालुक्यातले. लग्नानंतर पुण्यात राहते. (लिहिताना ‘राहते’च लिहिले गेले, हेही पाहा.) माहेरी आई, आजी, आत्या या सर्वजणी ‘मी बाजारात गेलो होतो’, ‘मी उद्या येतो’ असेच बोलतात. पुण्यात मात्र असे वाक्य तोंडून निसटले की समोरचा हसून ‘अगं, आले म्हण’ अशी दुरुस्ती करतो. हे खरोखरच चुकीचे मराठी आहे काय, आणि ही लकब आली कोठून?

व्याकरणवेडा:
चूक ठरवण्याआधी प्रमाण मराठीकडेच पाहावे. ‘आम्ही आलो’ हे पुण्यातल्या स्त्रियाही पुरुषांप्रमाणेच म्हणतात, ‘मी येईन’ यात लिंग दिसत नाही, आणि ‘मी भाकरी केली’ यात क्रियापद भाकरीच्या लिंगाप्रमाणे चालते. बोलणाऱ्याचे लिंग दाखवण्याचा आग्रह ‘आलो-आले’, ‘जातो-जाते’ अशा मोजक्या एकवचनी रूपांपुरताच आहे. आपल्या बोलीने तेवढाही ठेवला नाही, इतकेच.

सीमाभागी:
मी बेळगावकडचा. कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ (मी आलो/आले) हे स्त्री-पुरुष दोघेही म्हणतात, म्हणून आमच्याकडे हा शेजारचा परिणाम मानला जातो. मला ते अर्धेच पटते, कारण कन्नडमध्ये ‘नीनु बंदे’ (तू आलास/आलीस) असे समोरच्याला म्हणतानाही लिंगभेद नसतो, तरी आमच्या घरी बाईमाणसाला ‘कवा आलीस?’ असेच विचारतात. उसने घ्यायचे तर निम्मेच का घेतले? वर सांगितलेल्या ‘आम्ही आलो’ने ‘मी’पुरती वाट आधीच मोकळी करून ठेवली असावी, असे मला वाटते.

खडूफळा:
व्याकरणाइतकाच हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात शालेय पुस्तके आणि कोश घडले (मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा), तेव्हा पुण्याकडच्या शिक्षितांची भाषा नमुना ठरली, आणि ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारा जसा अशुद्ध ठरला तशीच ‘मी आलो’ म्हणणारी बाईही हास्यास्पद ठरली. मी कागल भागात शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली निबंधात ‘मी गेले’ लिहितात आणि मधल्या सुट्टीत ‘मी गेलो’ म्हणतात. कोठे काय बोलावे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. निबंधातले ‘गेलो’ मी खोडते, सुट्टीतले ऐकून घेते.

पंचगंगाकाठची:
सर्वांचे आभार. आजीला फोनवर ‘आम्ही आलो’चा दाखला सांगितला. ती म्हणाली, ‘मग एकटीनं आलं की येगळं बोलायचं व्हय?’