शब्दचर्चा : ‘मायनिंग डिफिकल्टी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : बिटकॉइन या आभासी चलनावर मराठीत लेख लिहितोय. मायनिंग म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, नोंदवण्यासाठी संगणकांची चाललेली शर्यत आणि ‘डिफिकल्टी’ म्हणजे ती किती अवघड आहे याचा आकडा. ‘डिफिकल्टी’साठी काठिण्य, अवघडपणा आणि काठिण्यपातळी यांच्यात अडकलोय. ‘टार्गेट’ला ‘लक्ष्य’ चालेल का?

– काठिण्यपातळी घ्या. प्रश्नपत्रिकांमुळे शब्द सगळ्यांच्या कानावरचा आहे आणि पातळी म्हटलं की चढउतार आलाच. नुसतं काठिण्य हिऱ्याला शोभतं. इथला आकडा बिटकॉइनमध्ये दर २०१६ ब्लॉकनंतर बदलतो. ब्लॉकमागे सरासरी १० मिनिटं धरली की २०१६ ब्लॉकना बरोबर दोन आठवडे होतात. त्याआधीच उरकले तर पातळी वर, रेंगाळले तर खाली. एका खेपेत चौपटीहून जास्त चढत नाही आणि पाव पटीखाली उतरत नाही. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी घातली, यंत्रं धडाधड बंद झाली आणि जुलैत पातळी एकदम सुमारे २८ टक्क्यांनी घसरली. तेव्हाच्या बातम्यांत ‘अवघडपणा घसरला’ लिहून बघा, कसं वाटतं!

– शब्द मान्य, पण त्याने गणित अवघड होत जातं असा समज होतो. गणित तेच राहतं. ब्लॉकच्या हेडरमधला, म्हणजे माथ्यावरच्या माहितीतला, नॉन्स नावाचा आकडा बदलायचा, एसएचए-२५६ हे सूत्र त्यावर दोनदा चालवायचं, आलेला हॅश, म्हणजे उत्तराची संख्या, ठरवून दिलेल्या संख्येच्या आत बसतो का पाहायचं. नाही बसला, पुढचा नॉन्स. यात डोकं कुठेच लागत नाही, नुसता वेग आणि वीज. बदलते ती फक्त ठरवून दिलेली संख्या, म्हणजे तुमचं टार्गेट. लेखात एवढं एक वाक्य टाकाच.

– आणि म्हणूनच ‘लक्ष्य’ नको. ‘लक्ष्य वाढवलं’ म्हटलं की काम वाढलं असाच अर्थ लागतो. इथे टार्गेट वाढलं तर काम हलकं होतं. सरळ ‘कमाल मर्यादा’ लिहा : ‘मर्यादा निम्म्यावर आणली, काठिण्यपातळी दुप्पट झाली.’ वाचक अडखळणार नाही.

प्रश्न : छान. मग पातळी बदलते ती ‘अ‍ॅडजस्टमेंट’? समायोजन?

– समायोजन शिक्षकांचं होतं. ‘फेरनिश्चिती’ बरा. मात्र ‘पंधरवड्याची फेरनिश्चिती’ हे बिटकॉइनपुरतंच ठेवा. लाइटकॉइन हे दुसरं आभासी चलनही २०१६ ब्लॉकच मोजतं, पण तिथे ब्लॉक अडीच मिनिटांचा, म्हणजे साडेतीन दिवसांत फेरी पुरी. मोनेरो या आणखी एका चलनात तर प्रत्येक ब्लॉकला फेरनिश्चिती होते. इथेरियमचा उल्लेख असेल तर सप्टेंबर २०२२ पूर्वीचाच करा. त्यानंतर तिथे मायनिंगच उरलं नाही.