लॉकडाऊनमध्ये पिशवी साफ करून मिळेल का? (एप्रिल २०२०)

गारगोटीची सून: मला दिवस गेलेत, आठवा आठवडा. तांबी बसवलेली, तरीबी! मालक इचलकरंजीत अडकलेत. एसटी बंद, वडाप बंद. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात फोन केला, तर म्हणे लॉकडाऊन उठल्यावर या, नवऱ्याची सही आणा. पोटातलं थांबतंय होय तोवर?

निवृत्त सिस्टर: सही तुझी एकटीची पुरते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. आठव्या आठवड्यात एका डॉक्टरचं मत पुरे. केंद्राच्या १४ एप्रिलच्या सूचनांत ही अत्यावश्यक सेवा आहे, तसं ठणकावून सांग. आणि तांबी असताना दिवस राहिलेत, तर आधी सोनोग्राफी कर. गर्भ पिशवीबाहेर नळीत असला तर गोळ्यांनी पडत नाही, जिवावर बेततं.

जाऊबाई: मेडिकलवाल्याकडनं गुपचूप गोळ्या आणू नकोस हं. पोलिसांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखव, सोडतात. आम्हाला तरी सोडलं.

गारगोटीची सून: दुसरीकडं मान्यता असलेलं केंद्र मिळालं, उद्या बोलावलंय. दीर पहाटे दुधाच्या टेम्पोतनं सोडतो म्हणालाय. सासूबाईंना दाढ दुखतेय सांगितलंय.